निकेशचा अंगठा

ही गोष्ट खरी आहे हे पटवायला माझ्याकडे आता काहीच नाही. गाडी गेली. तिच्यावरचा कॅमेरा गेला. उरला फक्त निकेश.

निकेश माझा सख्खा मामेभाऊ. केळझरहून आत वळलं की डोंगराच्या पायथ्याशी एक लहानसं गाव लागतं, तिथे मामाचं घर आहे. गावाचं नाव मुद्दामच सांगत नाही. ज्याला शंका असेल त्याने जाऊन निकेशला बघावं, असं मी आधी लिहिलं होतं.

मग ते वाक्य काढून टाकलं.

जाऊ नका.

गेल्या संक्रांतीच्या आदल्या दिवशी, भोगीच्या दुपारी हे घडलं. असल्या गोष्टी अंधारात घडतात असं आपण ऐकत आलेलो असतो. तेव्हा अंगणात लख्ख ऊन होतं. मामीने तीळ वाळत घातले होते.

मी इला. वर्ध्याला नालवाडीत आईबाबांजवळ राहते आणि पुण्याच्या एका कंपनीचं प्रोग्रामिंगचं काम घरूनच करते. आईचा धाकटा भाऊ म्हणजे माझा मधुकरमामा. त्याचं भाजीपाल्याचं वावर आहे. वांगी, पालक, मेथी, सांबार. सांबार म्हणजे आपली कोथिंबीर. कुंतामामी, मामा आणि निकेश, एवढंच घर.

निकेश असा पोरगा होता की पाच मिनिटं एका जागी बसला तर मामी विचारायची, ताप आला का?

मग एका पहाटे वर्ध्याच्या बाजाराला भाजी घेऊन जाताना टेम्पो उलटला. निकेश वाचला, पण मानेपासून खालचं सगळं गेलं. उजव्या हाताचा अंगठा तेवढा हलायचा, आणि शेजारचं बोट जरासं.

दोन वर्षं तो पलंगावर होता. खिडकीतून त्याला गोठ्याची भिंत दिसायची. बस. मी भेटायला गेले की तो माझ्याशी हसून बोलायचा, पण डोळे त्या भिंतीवरच असायचे.

एकदा म्हणाला, "ताई, वावर कसं आहे विचारलं तर सगळे मस्त आहे म्हणतात. मले मस्त नाई ऐकाचं. मले पाह्याचं आहे."

त्या वाक्याने मला झोप येईना. मग मी गाडी बनवायला घेतली.

भाजीच्या कॅरेटएवढी चार चाकांची गाडी. वर काठीला कॅमेरा, खाली माइक, म्हणजे त्याला दिसेलही आणि ऐकूही येईल. मोबाइलच्या नेटवर्कवर चालणारी. निकेशने पलंगावरून ती चालवायची. कशाने? तर गेमच्या कंट्रोलरने. त्याला जो एक अंगठा उरला होता, त्याला पुरेल असं दुसरं काही मला सापडलं नाही.

थोडं समजावून सांगते, कारण पुढचं त्याशिवाय कळणार नाही.

गेमच्या कंट्रोलरवर अंगठ्याने ढकलायची एक छोटी दांडी असते. ढकलली की तिच्यातून आकडा निघतो. पूर्ण पुढे ढकलली तर एक. अर्धी ढकलली तर अर्धा. सोडली की दांडी आपोआप मध्ये येते आणि आकडा शून्य. डावी-उजवीकडचा आकडा वेगळा. हे आकडे चाकांना काय सांगतील, एवढंच मला लिहायचं होतं.

निकेशच्या अंगठ्यात जोर नव्हता. म्हणून त्याने जरासं ढकललं तरी गाडीने ते पूर्ण समजावं, असं लिहिलं. अंगठा थरथरायचा, तर ती थरथर सोडून द्यावी असंही लिहिलं.

आणि एक गोष्ट सगळ्यात आधी लिहिली. अंगठा उचलला, नेटवर्क तुटलं, कंट्रोलर बंद पडला, काहीही झालं तरी गाडीने जागच्या जागी थांबायचं.

हे मी इतक्या वेळा तपासलं की मामा वैतागला. गाडी दर वेळी थांबली. एकदाही चुकली नाही.

दिवाळीनंतरच्या आठवड्यात निकेश पहिल्यांदा "वावरात गेला". पलंगावर फोन टांगला होता, बाजूच्या स्टुलावर माझा लॅपटॉप, त्यावर आकडे. गाडी वांग्याच्या ओळीतून हळूहळू निघाली. ओळ संपेपर्यंत त्याच्या डोळ्यांतलं पाणी कानापर्यंत वाहत गेलं होतं. मामीने पदराने पुसलं.

मग तो पहिलं वाक्य बोलला, की वांग्याला पाणी जास्त झालंय, मुळाशी साचतंय, बाबाले सांग.

मामा दारात उभा होता. तो बाहेर निघून गेला. बऱ्याच वेळाने आला तेव्हा त्याचे डोळे लाल होते.

ते दोन महिने चांगले गेले. रोज दुपारी निकेश वावरात. निंदायला आलेल्या बाया गाडीशी बोलायच्या, तिला जेवायला बोलवायच्या. निकेश जेवायला लागला, भांडायला लागला. मी दर शनिवारी जायचे आणि काही ना काही दुरुस्त करून यायचे.

मग एका शनिवारी त्याने मला सहज विचारलं, "ताई, धुऱ्यावर कोण उभं राह्यते?"

धुरा म्हणजे वावराचा बांध. मामाच्या वावराच्या वरच्या टोकाला एक हिवराचं झाड आहे, तिथे धुरा संपतो. पलीकडे कोरडा नाला, आणि नाल्यापलीकडे सरळ जंगल.

मी त्याच्या फोनकडे बघितलं. झाड होतं. ऊन होतं. माणूस नव्हता.

"आत्ताच होता," तो म्हणाला. "मी गेलो की झाडामांगं सरकते."

सावली असेल, असं मी म्हणाले. त्यालाही ते पटलं असावं. विषय तिथेच राहिला.

पुढच्या खेपेला त्याने मला नुसतं ऐकायला सांगितलं.

गाडी हिवराजवळ उभी होती. फोनमधून पाखरांचा आवाज येत होता, लांबून निंदणाऱ्या बायांचं हसणं. निकेशने गाडी पुढे घेतली. चाकांची घरघर सुरू झाली.

आणि घरघरीच्या मागून... वाळल्या पाल्यावर पाय पडल्याचा आवाज.

चर्र. चर्र. चर्र.

निकेशने अंगठा उचलला. गाडी थांबली.

आवाज थांबला.

पाखरांचाही. बायांचाही.

फोनमधून काहीच ऐकू येईना. नुसती पोकळी. पण नेटवर्क पूर्ण होतं. चित्र हलत होतं, झाडाची पानं हलत होती... आवाज तेवढा गेला होता. निकेशने गाडी मागे वळवली, चार वाफे खाली आली, आणि बायांचं हसणं पुन्हा सुरू झालं.

मी मामाला विचारलं, तिकडे काय आहे? तो म्हणाला, काही नाही, रानडुकरं येतात, गाडी तिकडे नेऊ देऊ नको. मी आणखी विचारलं तर म्हणाला की पूर्वी नाल्यातून पलीकडे जायला पायवाट होती, आता कोणी जात नाही. का जात नाही ते त्यालाही ठाऊक नव्हतं. त्याच्या बापानेही त्याला एवढंच सांगितलं होतं, की जायचं नाही.

त्यानंतर दांडी बिघडली.

म्हणजे मला तसं वाटलं. गाडी हिवराजवळ गेली की आपोआप डावीकडे ओढायची. नाल्याकडे. लॅपटॉपवर डावीकडचा आकडा दिसायचा, आणि निकेश शपथेवर सांगायचा की तो डावीकडे ढकलत नाही.

हे होतं. दांड्या झिजतात. सोडल्या तरी नीट मध्ये येत नाहीत, कुठेतरी कलून राहतात आणि खोटा आकडा पाठवत राहतात. मी नवा कंट्रोलर आणला.

नव्या कंट्रोलरनेही तेच केलं. हिवराजवळच. डावीकडेच.

घरापाशी मात्र अगदी नीट.

मला काही कळेना. वावराच्या एका कोपऱ्यात गाडी गेली की खोलीत ठेवलेली दांडी कशी बिघडेल? गाडी तिकडे, दांडी इकडे. मध्ये अख्खं वावर. मी निकेशला एवढंच सांगितलं की भोगीला येते, तोवर झाडाकडे जाऊ नको.

भोगीला भाजीला मागणी असते. मामा पहाटेच वर्ध्याच्या बाजारात गेला होता. घरी मामी, निकेश आणि मी. दुपारी जेवणं झाली. मी लॅपटॉप उघडला, निकेशच्या अंगठ्याखाली कंट्रोलर ठेवला, आणि आम्ही गाडी बाहेर काढली. मला ती ओढ स्वतः बघायची होती. झाडापासून लांबूनच बघू, असं ठरलं होतं.

मेथीचे वाफे गेले. पालकाचे गेले. झाड अजून बरंच लांब होतं.

लॅपटॉपवर डावीकडचा आकडा उमटला.

एक.

पूर्ण एक.

"निकेश, सोड," मी म्हणाले.

"ताई, मी नाई करून राह्यलो."

मी त्याच्या हाताकडे बघितलं. अंगठा दांडीवर नव्हता. तो चादरीवर पडला होता. आणि दांडी...

दांडी मधोमध, सरळ उभी होती. कलली नव्हती. झिजली नव्हती. तिला कोणी हात लावलेला नव्हता.

लॅपटॉपवर पुढचा आकडाही एक झाला.

फोनवरचं चित्र धावायला लागलं.

मी कंट्रोलर बंद केला. त्याचा दिवा विझला. आकडे तसेच. मी त्याची बॅटरी काढून हातात घेतली. आकडे तसेच. मग मी प्रोग्रामच बंद केला. आकडे गेले, स्क्रीनवरची खिडकी मिटली, गाडीला काही सांगणारं आता कुठेच काही नव्हतं.

चित्र धावतच होतं.

मामी आतून आली आणि दारातच थांबली. मी तिला निकेशजवळ बस म्हणाले, पायात चपला अडकवल्या आणि धावत सुटले. माझ्या फोनवरून निकेशच्या फोनला कॉल लावला, मामीने तिकडे तो स्पीकरवर घेतला, आणि मी फोन कानाशी धरला.

आमची गाडी चालत्या माणसाच्या पुढे जाऊ शकत नव्हती. तेवढी ताकदच त्या मोटरींत नव्हती. मी बांधावर पोचले तेव्हा ती हिवराच्या पार पोचली होती. जीव खाऊन धावत होते, तरी अंतर वाढत होतं. मग ती नाल्यात उतरली आणि दिसेनाशी झाली.

कानात निकेशचा आवाज होता. शांत.

"ताई, नाला आला. वाळू आहे. ताई, तू कुठी आहे?"

मी मागेच आहे, असं मी ओरडले.

"मांगं पाहून राह्यलो मी," तो म्हणाला. "मांगं तू नाईस."

गाडीचा कॅमेरा फक्त समोर बघायचा. मागे बघायची सोयच मी केली नव्हती.

"मांगं कोण आहे मग?" मी विचारलं.

फक्त श्वास ऐकू येत होता. मला नीट आठवतं, ते श्वास एकट्या माणसाचे वाटत नव्हते...

मी नाल्यात उतरले. वाळूत चाकांच्या खुणा होत्या. खोल. भरलेल्या बैलबंडीची चाकं रुतावीत तेवढ्या खोल. आमची गाडी मी एका हाताने उचलायचे.

खुणा नाल्याच्या मध्यापर्यंत गेल्या होत्या.

तिथे संपल्या.

पुढे वाळू सपाट होती. बाजूलाही सपाट. पावलांचे ठसे नव्हते, गाडी उचलून नेल्याची खूण नव्हती. मी पलीकडे घाणेरीच्या झुडपांत शिरले, हात ओरबाडून घेतले, हाका मारल्या. एका यंत्राला मी हाका मारत होते. कुणी ऐकलं असतं तर मला वेड लागलं म्हणालं असतं.

काही सापडलं नाही. आजपर्यंत सापडलेलं नाही.

घरी परत आले तेव्हा मामी भिंतीला टेकून बसली होती. तिने नुसतं बोट दाखवलं.

टांगलेला फोन काळा पडला होता. चित्र कधीच गेलं होतं. निकेश त्या काळ्या काचेकडे डोळे लावून होता.

आणि त्याचा अंगठा हवेत चालत होता.

पुढे. पुढे. जरासा डावीकडे. पुढे.

मामा परत आल्यावर रात्रीच निकेशला दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या केल्या. मज्जातंतूच्या दुखापतीत स्नायू असे उडतात, म्हणाले. गोळ्या दिल्या. निकेश सगळ्यांना ओळखत होता. विचारलं की उत्तर द्यायचा, भरवलं की जेवायचा. त्यामुळे डॉक्टरांना फार काही वाटलं नाही. चार दिवसांनी घरी पाठवलं.

पण त्याला दिसतंय काय, असं विचारलं की तो सांगायचा.

झाडं. वाट. झाडं. समोर एक चढ. वाट.

मी नवी गाडी बनवते म्हणाले. तो म्हणाला, नको, आहे ना एक, चालू आहे. मग मी तरीही कंट्रोलर त्याच्या अंगठ्याखाली धरला, लॅपटॉप जोडला. वाटलं, निदान तो काय करतोय ते आकड्यांत तरी दिसेल. त्याचा अंगठा दांडी पूर्ण पुढे ढकलत होता. दांडी माझ्या डोळ्यांदेखत वाकली होती. तिचा ताण मला हातात जाणवत होता.

लॅपटॉपवर शून्य.

मी तीनदा बंद करून चालू केला. मी स्वतः दांडी ढकलली, एक आला. त्याने ढकलली...

शून्य.

त्याचं ढकलणं माझ्याकडे येतच नव्हतं. ते दुसरीकडे कुठेतरी जात होतं. मी लॅपटॉप मिटला आणि मामीसमोर रडले. इतकी वर्षं हेच काम केलं, यंत्राला माणसाचं म्हणणं समजावून सांगायचं. आणि माझ्या भावाचं म्हणणं कुठे पोचतंय तेच मला कळत नव्हतं.

अंगठा सोलपटला. नखाखाली रक्त साकळलं. एका दुपारी मामाला ते बघवेना. त्याने धोतराची चिंधी घेतली आणि अंगठा बोटांना घट्ट बांधून टाकला.

निकेशने आधी नुसतं बघितलं. मग त्याचा श्वास वाढला.

"बाबा, सोडा," तो म्हणाला. "गाडी उभी राह्यली."

मामा म्हणाला, राहू दे उभी.

"बाबा, तो जवळ येऊन राह्यला."

मी त्याच्या उशाशी होते. त्याचा चेहरा पांढरा पडत गेला. तो डोळे फिरवून मागे बघायचा प्रयत्न करत होता, जी मान हलत नव्हती ती वळवायचा प्रयत्न करत होता. आणि त्याच्या मानेवरचे केस... एका बाजूचे, बारीक केस... हलले.

कुणी श्वास सोडावा तसे.

खिडकी बंद होती. पंखा बंद होता.

मामीने दातांनी गाठ तोडली.

अंगठा सुटला आणि चालू झाला. हळूहळू निकेशचा श्वास खाली आला. मामा चिंधी हातात घेऊन तसाच बसून राहिला. त्या दिवसानंतर कुणी बांधायचं नाव काढलं नाही.

आता आमच्या हातात एकच काम उरलं. त्याचा अंगठा थांबू द्यायचा नाही.

तो झोपला की अंगठा मंदावायचा. मग मामी त्याला आपल्या बोटांत धरायची आणि त्याच्यासाठी पुढे ढकलत राहायची. ती थकली की मामा. मी शनिवारी गेले की मी. त्याने काही होत होतं का? मला माहीत नाही. झोपेत तो ओरडत नव्हता, एवढंच. पलीकडे काय आहे ते ठाऊक नसताना आम्ही तिघं आळीपाळीने त्याला पुढे ढकलत होतो, आणि कुठे ढकलतोय तेही आम्हाला ठाऊक नव्हतं.

एकदा दुपारी मी चहा घेऊन आत गेले. निकेश गाढ झोपला होता. मामी त्याचा अंगठा धरून बसली होती. तिचेही डोळे मिटलेले. मी तिला हलकेच हाक मारली.

डोळे न उघडताच ती म्हणाली... "थांब, इथं उतार आहे."

मी चहा खाली ठेवला. तिने डोळे उघडले आणि माझ्याकडे बघून नेहमीसारखी हसली, साखर बरोबर पडली का विचारलं. आपण काही बोललो हे तिला आठवत नव्हतं.

महाशिवरात्र झाली. निकेश वाळत चालला होता. आवाज घशातल्या घशात राहायचा. आणि एका शनिवारी, दिवस कलल्यावर, तो म्हणाला की ओळखीचं दिसतंय.

काय दिसतंय, मी विचारलं. त्याने सांगितलं. हिवर. धुरा. पालकाचे वाफे. मग विहिरीवरची मोटर.

तो घरी येत होता.

मामीने ते ऐकलं आणि दोन्ही हात जोडले. मामा मात्र उठला, अंगणात गेला आणि लोखंडी फाटक ओढून त्याला कडी लावली. मी खिडकीतून बघत होते. कडी लावून तो फाटकाला पाठ टेकून उभा राहिला.

मामी बाहेर धावली. काऊन लावलं, म्हणून विचारलं.

मामा हळू आवाजात बोलला, पण मला स्पष्ट ऐकू आलं.

"पोरगं घरात आहे, कुंता. मंग बाहेरून कोण येऊन राह्यलं?"

मामीने फाटकाचा गज धरला. मग म्हणाली, "माहं लेकरू थकलं. त्याले आत येऊ द्या."

दोघंही माझ्याकडे बघायला लागले. मी तोवर दारात आले होते. मामा म्हणाला, गाडी तू बनवली, तूच सांग, उघडू का नको?

आतून निकेशचा आवाज आला. बारीक, लहान मुलासारखा.

"आई... फाटक बंद आहे."

मामाने बाजूला व्हायला नकार दिला नाही. तो आपणहून सरकला. मामीने कडी काढली.

रस्त्यावर कुणी नव्हतं. धूळसुद्धा हलत नव्हती. गाडी आली नाही, चाकाचा आवाज आला नाही. फाटक उघडं, समोर मोकळा रस्ता, आणि आम्ही तिघं अंगणात उभे. शेजारच्या घरी कुणीतरी दिवा लावला. एवढंच.

मी आत वळले. निकेशचा अंगठा थांबला होता.

इतक्या दिवसांनी पहिल्यांदा तो हात चादरीवर नुसता पडून होता. निकेशचे डोळे दाराकडे होते. दाराकडून ते हळूहळू खोलीत फिरले. कपाटाकडे. कोपऱ्याकडे. मग पलंगाच्या पायथ्याकडे. जणू एकेक जण आत येऊन बसतोय आणि तो प्रत्येकाला जागा दाखवतोय.

मामी त्याच्याजवळ गेली. तो तिला म्हणाला, "आई, आता लाव फाटक. सगळे आले."

आणि झोपला.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठल्यावर त्याला काही आठवत नव्हतं. गाडी कुठे आहे, असं त्याने मलाच विचारलं. हरवली, मी म्हणाले. त्याला थोडं वाईट वाटलं. पण भूक लागली होती. त्याने दोन भाकरी खाल्ल्या. हळूहळू अंगावर मांस आलं. अंगठ्याची जखम भरली. डॉक्टर म्हणाले, गोळ्या लागू पडल्या.

मी त्यानंतर तिकडे गेलेले नाही. आई दर आठवड्याला म्हणते, मामाकडे जाऊन ये. मी कामाचं कारण सांगते.

मामीला फोन मात्र करते. ती आनंदात असते. निकेश जेवतो, बोलतो, रात्रभर झोपतो, असं सांगते. परवा बोलता बोलता तिने सांगितलं की मामा आता गोठ्यात झोपायला जातो.

काऊन वो मामी, मी विचारलं.

मागून भांड्यांचा आवाज येत होता... बऱ्याच भांड्यांचा. पंगत वाढताना येतो तसा.

मग मामी म्हणाली, "घरात जागा पुरून नाई राह्यली ना, इला."

त्या घरात तीन मोठ्या खोल्या आहेत. माणसं तीनच.